उंटाने खाल्लेला शेवट

माझा धाकटा भाऊ योगेंद्र आयुष्यात पहिल्यांदा ओरडला, तेव्हा मी स्वयंपाकघरात वांग्याचं भरीत कालवत होते. मला वाटलं, बाहेर रस्त्यावर कुणाची मोटरसायकल कुणाला घासून गेली आणि आता जुंपली. खिडकीतून डोकावले तर रस्त्यावर एक गाय सोडून कुणीच नव्हतं. आवाज आमच्याच बैठकीतून येत होता.

पण ते नंतरचं. आधी योगू कसा आहे ते सांगायला हवं. नाहीतर तो ओरडला यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

योगू देवासला राहतो. तिथल्या एका गिअरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याची बायको देवश्री सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि तिची बदली झाली आहे गंधवानीला, म्हणजे धार जिल्ह्याच्या त्या टोकाला, आदिवासी भागात. सोमवारी ती बसने जाते, शनिवारी बसने येते. मधले दिवस घर, कारखाना आणि दोन मुलं योगूच्या गळ्यात. थोरली श्रिया नऊ वर्षांची, धाकटा मनन सहा वर्षांचा. मी इकडे धारला आमच्या अक्काजवळ असते आणि शाळेत गणित शिकवते. अक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐंशी कधीच ओलांडली. ऐकू कमी येतं, बाकी सगळं जास्त येतं.

योगूच्या लग्नात वरात निघाली आणि बँडवाले चुकून दुसऱ्याच वरातीपुढे वाजवत निघून गेले. आमचे सगळे मामा-काका बँडच्या शोधात गावभर पांगले. घोडी चौकात उभी, योगू घोडीवर. दुसऱ्या कुणी नवऱ्याने फेटा फेकला असता. सगळे परत आले तोवर याने घोडीवाल्याकडून घोडीचं नाव, तिचं माहेर, तिला कोणता चारा आवडतो आणि फटाक्यांपेक्षा व्हिडिओवाल्याचा लाइट तिला जास्त का झोंबतो, हे सगळं समजून घेतलं होतं. उलट आम्हालाच म्हणाला, "बरं झालं थांबलो."

'बरं' हा त्याचा शब्द. पाणी आलं नाही, बरं. साहेब ओरडला, बरं. भाजीत मीठ दोनदा पडलं, बरं. देवश्री म्हणते, "यांच्या पत्रिकेत साडेसाती आली असेल ना, ती पण कंटाळून गेली असेल."

अशा माणसाच्या पोटी देवाने ही दोन मुलं घातली.

देवासच्या मातीतच वाटणी आहे. पूर्वी हे एवढंसं गाव दोन भावांनी वाटून घेतलं होतं. थोरली पाती, धाकटी पाती, दोन राजे, दोन दरबार. संस्थानं गेली, पण माझी भाचरं तो कारभार अजून चालवतात. सोफा वाटलेला. फ्रिजचे कप्पे वाटलेले. स्कूटरचे आरसे वाटलेले, त्यामुळे योगूला उजवीकडे वळताना श्रियाची परवानगी लागते. देवासच्या टेकडीवरच्या दोन देवींच्या दर्शनाला गेले तेव्हा श्रियाने परस्पर जाहीर केलं की मोठ्या माताजी तिच्या आणि छोट्या मननच्या. मनन तिथेच पायरीवर लोळला. योगू शेजारी बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, पोराचा काही नवस असेल. एका बाईंनी त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. त्या पेढ्याची पण वाटणी झाली.

शेवटी वाटायला काही उरलं नाही, तेव्हा दोघांनी बाप वाटला.

रविवारची दुपार होती. देवश्री गच्चीवर कपडे वाळत घालत होती. योगू सतरंजीवर उताणा झोपला होता. त्याच्या खिशात कारखान्यातला लाल मार्कर होता, तेल लागलं तरी पुसला जाऊ नये म्हणून बनवलेला. दोघांनी तो काढला आणि कपाळाच्या मधोमध सुरुवात करून, नाकाच्या शेंड्यावरून, मिशीची फाळणी करत, हनुवटीपर्यंत सरळ रेघ ओढली. उजवा बाबा श्रियाचा, डावा मननचा. नाक सामायिक.

देवश्रीने खोबरेल लावून पाहिलं, बेसन लावून पाहिलं, दवाखान्याचं स्पिरिट लावून पाहिलं. रेघ लालची गुलाबी झाली, त्यापलीकडे हटेना. सोमवारी योगू तसाच कामावर गेला. त्यांच्या कारखान्यात बाद मालावर अशीच लाल रेघ मारतात. फाटकापाशीच त्याचा जोडीदार गोलू भेटला आणि मटकन खाली बसून हसत सुटला. "योगेंद्र भिया! आपको किसने रिजेक्ट कर दिया?"

"घरच्यांनी," योगू म्हणाला आणि मशीनकडे गेला.

आता ज्या पुस्तकापायी योगू ओरडला, त्याच्याकडे येते.

दिवाळीत सगळे धारला आले होते. तेव्हाच मयुरेशच्या, म्हणजे आमच्या चुलत भावाच्या मुलाच्या, लग्नाची पत्रिका आली. अक्काला चष्मा सापडेना. ती म्हणाली, "श्रिया, वाच पाहूं."

श्रियाची शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. मराठी फक्त घरात, तेही तोंडी. तिने पत्रिका हातात घेतली आणि मोठ्याने वाचलं, "आमचे येथे... सौ कमल..." मग थांबली. "अक्का, लग्नात सौ कमल कशाला लागतात? शंभर कमळं? कुठून आणणार?"

"अगं, ती सौभाग्यवती कमल! तुझी आजी लागते!"

"आणि यांच्या पुढे 'श्री' का आहे? हे श्रिया आहेत का?"

एवढ्यात मननने पत्रिकेत नाक खुपसलं. बोट ठेवून वाचलं, "चि... मयुरेश." मग तोंड वाकडं करून हसत सुटला. "छी मयुरेश! छी मयुरेश!"

अक्काने चहाची कपबशी खाली ठेवली. अक्का बशी खाली ठेवते तेव्हा घरातले मोठेसुद्धा सरळ बसतात. "योगेंद्रा," ती म्हणाली, "चंपाषष्ठीस याल तेव्हां ह्या मुलांनी मला मराठींतून कांहीं वाचून दाखवावें. तोंवर भरीत नाहीं."

"बरं," योगू म्हणाला.

त्याने आधी इंदूरहून तयार गोष्टीची पुस्तकं आणली. ती चालली नाहीत. पहिल्या पुस्तकात राजाला तीन मुलगे होते, बहीण नव्हती, म्हणून श्रियाने ते बंद केलं. दुसऱ्यात शहाणी ताई आणि वेंधळा भाऊ होता, म्हणून मननने ते पलंगाखाली ढकललं. तेव्हा योगू म्हणाला, "आपणच एक चित्रपुस्तक करू. मी लिहितो, तुम्ही चित्रं काढा. डावी पानं श्रियाची, उजवी मननची."

"गोष्ट कुणाची?" श्रियाने विचारलं.

"दोन भावंडांची."

"मग मी मांजर होणार."

"मी जेसीबी," मनन म्हणाला.

योगूने पेन खाली ठेवलं. "अरे, मांजराचा भाऊ जेसीबी कसा असेल?"

"बाबा, माझी बहीण मांजर आहे, यात मी काय करू?"

"बरं," योगू म्हणाला. "आणि बाबा कोण?"

जन्मात पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलली, "उंट!"

"उंट का?"

"बसला की कुणी पण चढतं," मनन म्हणाला.

"आणि ओठ," श्रिया म्हणाली.

योगूने आपला खालचा ओठ चाचपून पाहिला आणि लिहायला घेतलं. एक होता उंट. त्याला दोन मुलं होती. मुलगी मांजर आणि मुलगा जेसीबी. मांजर म्हणाली, कुबडावर मी बसणार. जेसीबी म्हणाला, मी बसणार. उंट म्हणाला, बरं. आणि त्याने दुसरं कुबड काढलं.

पुढे मांजराला जेसीबीचं कुबड मोठं वाटतं, म्हणून उंट तिचं वाढवतो. मग जेसीबी रडतो, म्हणून त्याचं वाढवतो. असं करत करत उंट घराच्या पंख्याला टेकतो. इथपर्यंत गोष्ट योगूने बनवली नव्हती. ती रोज संध्याकाळी घरात घडतच होती, त्याने फक्त उतरवून घेतली.

एका पानावर त्याने लिहिलं होतं, 'उंट दमून खाली बसला.' मननने उंटाची नुसती बाहेरची रेघ काढली. आत काहीच नाही. ना डोळा, ना रंग.

"अरे, रंग भर ना," श्रिया म्हणाली.

"बाबाने लिहिलंय, खाली."

मग योगूच्या लक्षात आलं की हिंदीतलं 'खाली' म्हणजे रिकामं. त्याने मननला मांडीवर घेऊन समजावलं की मराठीत खाली म्हणजे नीचे. मननने विचार केला. "पण दमला की खालीच होतो ना?"

त्या दिवशी योगू डबल शिफ्ट करून आला होता. त्याने ते चित्र तसंच राहू दिलं.

शनिवारी देवश्री आली. जेवण झाल्यावर मुलांनी तिला पानं दाखवली. ती कौतुकाने बघत होती. एका पानावर मोठी लाल बस होती. बसच्या काचेवर टिकली होती.

"ही कोण गं?"

"तू."

"मी बस?"

"तू बसनेच येतेस ना."

"अरे, मी बस*ने* येते! म्हणून मी बस? उंटाची बायको बस?" तिने योगूकडे पाहिलं. तो कणीक मळण्यात फार गुंतला होता. "बस झालं हं तुमचं!"

"बघ," मनन श्रियाला म्हणाला, "स्वतःच बोलली."

देवश्री रुसली, पण थोडाच वेळ. मग म्हणाली, "बस तर बस. निदान एसी तरी लावा." श्रियाने बसच्या टपावर एसी काढला. मननने दुसरा काढला.

गोष्टीत शनिवारी बस घरी येते आणि दारातच अडकते, कारण कुबडांनी घर भरलेलं असतं. आता शेवट हवा होता. इथे मात्र योगूमधला बाप जागा झाला. त्याने लिहिलं, 'शेवटी मांजर आणि जेसीबी शहाणी झाली आणि पुन्हा कधीही भांडली नाहीत.'

श्रियाने ते अक्षर लावून लावून वाचलं. "बाबा, हे खोटं आहे."

"गोष्टीत असं असतं बेटा."

दोघांनी नाइलाजाने चित्रं काढली. मांजर आणि जेसीबी हात धरून उभे, आणि मागे उंट हसतोय. देवश्रीने गोधडीच्या जाड दोऱ्याने पानं शिवली. टाके मात्र दवाखान्याचे, एकेक गाठ मारून. "आता हे सुटायचं नाही," ती म्हणाली.

चंपाषष्ठीला देवश्री गंधवानीहून परस्पर धारला येणार होती. योगू मुलांना घेऊन देवासहून कारने निघाला. पुढची सीट दोघांनाही हवी होती, म्हणून तिच्यावर वांग्यांची पिशवी बसली. दोघं मागे, आणि मध्ये पुस्तक. इंदूर पार होईपर्यंत शांतता होती. मग प्रश्न निघाला की पुस्तक अक्काच्या हातात कोण देणार.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे योगूने आरशात पाहिलं तर मागे पानंच पानं. ग्लव्ह बॉक्समधलं नेलकटर दोघांनी मिळून हुडकलं होतं आणि देवश्रीचे टाके एकेक करून कापले होते. एका गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, ठेल्यापाशी त्याने गाडी बाजूला घेतली.

"हे काय चाललंय?"

"वाटणी," श्रिया म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता. तिने आपलं मांजराचं पान ओढून घेतलं होतं, तर त्याच्या पाठीवर जेसीबी. मननने आपला जेसीबी घेतला, तर त्याच्या पाठीवर मांजर. डावं पान आणि उजवं पान समोरासमोर दिसतात खरी, पण कागद उलटला की एकाच्याच पाठीला दुसरा चिकटलेला. आख्खं पुस्तक तसंच. मननने ब्लेडने कागद मधून चिरायचं सुचवलं. ब्लेड नव्हतं, हे नशीब.

योगू गाडीतून उतरला. आज 'बरं' म्हणाला नाही. त्याने सगळी पानं बॉनेटवर ओळीने मांडली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक वांगं ठेवलं, आणि ठेलेवाल्याकडे सुतळी मागायला गेला. मुलं गपचूप गराडू खात उभी राहिली. बाबा 'बरं' म्हणाले नाहीत, याची त्यांना धास्ती बसली होती.

तेवढ्यात रस्त्याने मेंढरं आली. हिवाळ्यात राजस्थानातले मेंढपाळ आपल्या माळव्यात उतरतात, शेकडो मेंढरं आणि सोबत सामान लादलेले उंट. मेंढरांचा लोंढा गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला. मागून एक उंट आला. त्याने गाडीपाशी मान वळवली, वांगं हुंगलं, ते पसंत पडलं नाही म्हणून ओठाने बाजूला सारलं, आणि त्याखालचं पान तोंडात घेतलं.

"बाबा!" दोघं किंचाळली. "उंट! उंट!"

योगू सुतळी घेऊन धावत आला. पानाचं एक टोक अजून बाहेर होतं. त्याने ते धरलं. उंटानेही धरलं होतं. दोघं एकमेकांकडे बघत क्षणभर तसेच उभे राहिले. मग टोक योगूच्या हातात आलं आणि बाकीचं पान आत गेलं. उंट ते सावकाश, जबडा आडवा फिरवत, चावत राहिला.

"साब, चिंता मत करो," मेंढपाळ म्हणाला. "कागद तो ये पचा लेता है."

पण योगूला आता वेगळीच चिंता लागली. "भैया, रंग लगा है उसको. मोमवाले रंग थे," असं म्हणून त्याने डिकीतून रंगांचा डबा काढला आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचून खात्री करून घेतली की विषारी काही नाही. मगच त्याने उंटाला जाऊ दिलं.

मननने श्रियाची बाही ओढली. "श्रियादीदी," तो म्हणाला, "बाबाने बाबाला खाल्लं."

उरलेली पानं जुळवून पाहिली. गेलं होतं ते शेवटचं. मांजर आणि जेसीबी शहाणी झाली, ते. सुतळीने बाकीची पानं बांधून सगळे धारला पोचले, तेव्हा तळी उचलून झाली होती आणि अक्का दाराकडे डोळे लावून बसली होती.

घरात त्या दिवशी नातेवाइकांची गर्दी होती, पण त्यातल्या एकांचीच ओळख पुरे. मार्तंडकाका. वडिलांचे चुलत भाऊ, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या सबबी ऐकल्या आहेत आणि एकीवरही विश्वास ठेवलेला नाही. ते अक्काच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मुलं समोर उभी राहिली. मी आत भरताशी होते, पण कान बाहेरच होते.

श्रिया डावी पानं वाचत होती, मनन उजवी. श्रियाच्या तोंडी 'जवळ'चं 'जवल' व्हायचं, पण अडखळत का होईना, ती पुढे जात होती. मनन प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, मोहीम काढल्यासारखा वाचत होता. कुबडं वाढू लागली तशी बैठकीत हसू पसरलं. अक्का कानामागे हात धरून ऐकत होती. बस आली, दारात अडकली, आणि मननने पान उलटलं. तिथे पुठ्ठा होता.

"पुढें?" अक्काने विचारलं.

"पुढचं उंटाने खाल्लं," मनन म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, हेच गोष्टीत आहे. मार्तंडकाका हसले नाहीत. "म्हणजे शेवट लिहिलाच नाही तर."

"लिहिला होता. पण रस्त्यात उंटाने खाल्ला."

"कुत्र्याने वही खाल्ली, हे ऐकलंय. उंदराने खाल्ली, हेही ऐकलंय. आता उंट?" काकांनी चष्मा सावरला. "आज कुलदैवताचा दिवस. आज तरी खोटं बोलू नये बाळ."

मनन एक पाऊल मागे सरकला. आणि श्रिया, जिने आजवर भावाची बाजू एकदाही घेतली नव्हती, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तो झूठ नाही बोलत. मी पाहिलं. माझ्यासमोर खाल्लं."

"तू त्याचीच बहीण," काका म्हणाले. "आणि मुळात मला हे सांगा, उंटाला मांजर आणि जेसीबी ही मुलं होतीलच कशी? गोष्टीला काही शेंडा-बुडखा?"

आणि इथे तो आवाज झाला.

"मार्तंडकाका! खाल्लं म्हणजे खाल्लं! चावून चावून खाल्लं! अर्धं पान मी त्याच्या तोंडातून ओढलंय! आणि उंटाला कोण मुलं व्हावीत ते उंटाचं उंट बघून घेईल!"

तो योगूचा आवाज असेल हे मनातच आलं नाही; आधी रस्त्यावर डोकावून मग मी भरताचा हात तसाच घेऊन बैठकीत धावले. योगू उभा होता. लालबुंद. त्याच्या मुठीत पानाचं ते चावलेलं टोक होतं, त्यावर जेसीबीचं एक चाक, आणि थोडी लाळ. श्रिया आणि मनन तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होती, जणू टेकडीच उठून बोलली.

मार्तंडकाकांनी चष्मा काढला, ते टोक जवळून पाहिलं, हुंगलं, आणि म्हणाले, "बरं."

अक्का खूश झाली होती. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा योगेंद्राचें बोलणें मला स्वच्छ ऐकूं आलें. नेहमीं पुटपुटतो मेला."

एवढ्यात दाराशी देवश्री. बसस्टँडवरून चालत येताना तिने गल्लीच्या तोंडाशीच नवऱ्याचा आवाज ऐकला होता आणि घरात कुणीतरी गेलं अशी तिची खात्री झाली होती. एका पेशंटच्या घरच्यांनी तिला बांबूचा भलामोठा टोपला भेट दिला होता, तो डोक्यावर घेऊन ती तशीच घाईने आत घुसली. टोपला चौकटीत आडवा अडकला. खाली देवश्री, वर टोपला, ना आत ना बाहेर.

"बस!" मनन ओरडला. "बस आली! अटकली!"

दोघं धावली. श्रिया आतून टोपला ओढू लागली. मनन आईच्या पायांमधून बाहेर गेला आणि डोकं लावून मागून ढकलू लागला, तोंडाने घर्रर्र आवाज काढत. टोपला करकरला, देवश्री "अरे, माझे केस!" म्हणाली, आणि तिघंही बैठकीत येऊन आदळली.

"मग हा शेवट," श्रिया उठून अक्काला म्हणाली. "मांजराने बस ओढली."

"नाही! जेसीबीने ढकलली, म्हणून आली!"

"मी नसतं ओढलं तर तू काय ढकलणार होतास?"

"तुझ्यात ताकतच नाही! तू मांजर आहेस!"

"उंटाला विचार!"

दोघं बापाकडे वळली. योगू एव्हाना थंड झाला होता आणि जमिनीवर बसून देवश्रीच्या केसांतल्या बांबूच्या काड्या काढत होता. तो काही बोलायच्या आत अक्काने काठी आपटली.

"पुरे. हाच शेवट. आणि मराठींतच भांडताहेत, हें ध्यानांत घ्या. वाढ गं भरीत."

जेवताना तिने पुस्तक मांडीवर घेतलं. एक पान उलटलं, परत पालटलं. एका बाजूला मांजर, पाठीवर जेसीबी. ती बराच वेळ तेच करत होती. मग मार्तंडकाकांना दाखवून म्हणाली, "पाठचा भाऊ म्हणतात तो असा." काकांनी मान डोलावली आणि आणखी एक रोडगा घेतला.

पुस्तक अक्काने परत दिलंच नाही. मुलं देवासला गेल्यावर ती रोज दुपारी त्यातलं एखादं पान उघडते आणि मला फोन लावायला लावते. तिला शंका असतात. मननलाच त्या सोडवाव्या लागतात, आणि अक्काला कमी ऐकू येत असल्याने मोठ्याने, सावकाश, आणि मराठीत. हिंदी शब्द आला की अक्का मुद्दाम "काय? काय?" करते. ती तो शब्द नीट ऐकते, हे मला समोर बसून दिसतं.

"जेसीबीस खायला काय घालतात?"

"डिझेल, अक्का."

"आणि तो झोंपतो कोठें?"

"उभ्याउभ्याच. हात जमिनीवर ठेवून."

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत नाला खणायला खरा जेसीबी आला. अक्काने खुर्ची खिडकीशी हलवली. दुसऱ्या दिवशी तिने त्या ऑपरेटरलाच, राजवीर नाव त्याचं, चहाला घरात बोलावलं आणि त्याची कसून चौकशी केली. राजवीरला मराठी कळेना, अक्काला त्याची माळवी कळत होती पण ती ते कबूल करीना, मी मध्ये दुभाषी. तो बिचारा बशीतला चहा फुंकत, गंभीरपणे, एकेका प्रश्नाचं उत्तर देत होता. तो गेल्याबरोबर अक्काने फोन मागितला.

"मनन, ऐक. तुझ्या त्या जेसीबीस आणखी एक बहीण आहे. पोकलेन नांवाची, तीही खणतेच. पीथमपुरास असते. अंगाने थोराड आहे म्हणतात."

पलीकडे फोन टेबलावर आदळल्याचा आवाज झाला. मग मननचा आवाज आला, फोनपासून लांब, घरभर धावत जाणारा.

"दीदी! ए दीदी! इकडे ये, तुला मोठी बहीण झाली!"